एकाहत्तर टक्के

माझी आत्या एकतीस वर्षं एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती. खरेदीखतं, मृत्युपत्रं, भाडेकरार, कोर्टातले दावे. अशा कागदांत खाडाखोड चालत नाही. एक अक्षर चुकलं की अख्खं पान फाडून पुन्हा. त्यामुळे चुकायची तिला सवयच राहिली नव्हती. कॉम्प्युटर आला तोही ती शिकली, पण बोटांचा जोर टाइपरायटरचाच राहिला. वर्षाकाठी एक कीबोर्ड तिच्या हातून मोडायचा. आम्ही भाचरं तिला 'टकटकआत्या' म्हणायचो.

वकीलसाहेब थकले, कचेरी बंद झाली आणि एकसष्टाव्या वर्षी आत्या घरी बसली. आतोबांचं पेन्शन दोघांना पुरत होतं, तेव्हा पैशाची ओढाताण नव्हती. पण तिला करमेना. पहिल्या महिन्यात तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर टाइप केलेली लेबलं चिकटवली. दुसऱ्या महिन्यात आतोबांच्या गोळ्यांचं वेळापत्रक केलं, मथळा ठळक, खाली दोन ओळी सोडून.

"आता माझ्या कपाळावर लेबल लावायचं तेवढं राहिलंय," आतोबा म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात तिला फोनवर एक जाहिरात दिसली. घरबसल्या टायपिंग, पाचशे पानं, दहा दिवस, अठरा हजार. नोंदणीचे तीन हजार आधी भरायचे. करार आला तो आत्याने नेहमीच्या शिस्तीने पेन्सिल घेऊन वाचला. त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका निघाल्या. दुसरा कोणी असता तर तिथेच सावध झाला असता. आत्याला उलट धीर आला. "ह्या लोकांना टायपिस्टची खरंच गरज आहे हो," ती आतोबांना म्हणाली आणि तिने पैसे भरले.

काम आलं. पानांचे अंधुक फोटो होते, त्यांत नावं, पत्ते, मधेच औषधांच्या याद्या, कशाचा कशाला मेळ नाही. अठ्ठ्याण्णव टक्के अचूक असेल तरच मोबदला, अशी अट होती. आत्या सकाळी आठला बसायची ती जेवणापुरती उठायची. दुपारी आतोबा मूळ पान मोठ्याने वाचायचे, स्वल्पविरामासकट, आणि ती पडद्यावर ताडून बघायची. शेजारची बाई एकदा दारातच थबकली. नवराबायकोत एवढ्या स्वल्पविरामांनी काय बोलणं चाललंय ते तिला कळेना. ते नऊ दिवस आत्या भलतीच खुशीत होती. फोन केला की म्हणायची, "नंतर बोलू, कामात आहे." हे वाक्य म्हणताना तिचा आवाज कसा फुलायचा ते मला अजून आठवतं.

नवव्या दिवशी तिने काम पाठवलं. बाराव्या दिवशी निरोप आला: अचूकता एकाहत्तर टक्के, काम नामंजूर. करारानुसार कंपनीच्या नुकसानीपोटी सात हजार भरावेत.

आत्याने हे कुणालाच सांगितलं नाही, आतोबांनासुद्धा नाही. सात हजारांचं तिला एवढं नव्हतं. एकाहत्तर हा आकडा तिच्या जिवाला लागला. आपली नजर गेली, आपण म्हातारे झालो आणि कळलंही नाही, असं तिने मनाशी धरलं.

दोन दिवसांनी एका माणसाचा फोन आला.

"मी कंपनीचा वकील बोलतोय. तुमच्यावर दावा दाखल झालाय. परवापर्यंत पैसे भरले नाहीत तर पोलीस घरी येतील."

"करार मोडला म्हणून पोलीस?" आत्याने विचारलं. "कुठल्या कोर्टात दावा? नंबर सांगा."

"नंबर गोपनीय असतो, मॅडम."

दाव्यांचे नंबर टाइप करण्यात जिचा जन्म गेला तिला हा माणूस कसला वकील ते एका वाक्यात कळलं. आणि तरीही, हे तिनेच मला नंतर सांगितलं, तिने सात हजार कपाटातून काढून पाकिटात घातले. वकील खोटा असेल, पण टक्के खरे असले तर? आपण वाईट काम करून दिलं असेल तर भरायला नको का?

पैसे भरण्याआधी आपल्या चुका तरी बघाव्यात म्हणून तिने पाचशे पानं पुन्हा काढली. आता आतोबांना सांगणं भागच होतं. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बस. मी वाचतो." दोन दिवस दोघांनी डोळ्यात तेल घालून एकेक अक्षर ताडलं. चुका निघाल्या चार. पाचशे पानांत चार!

आत्या उठली, साडी बदलली आणि करारावरच्या पत्त्यावर गेली.

चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ती खोली होती. सहा टेबलं, सहा फोन आणि प्रत्येक टेबलावर काय बोलायचं त्याचा एक छापील कागद, प्लास्टिकमध्ये घातलेला. टायपिंगच्या कंपनीत टाइप केलेलं एकही पान दिसेना. दुपारची वेळ होती, बाकीचे जेवायला गेले होते. तिशीची एक बाई तेवढी डबा उघडून बसली होती.

"माझ्या चुकांची यादी हवी आहे," आत्या म्हणाली. "मला एकाहत्तर टक्के दिलेत. कोणी तपासलं?"

ती बाई घाबरली. "इथे कोणी येत नाही, काकू. लोक फोनवरच भरतात. तुम्ही जा, सर येतील."

"येऊ देत. तपासलं कोणी ते सांग."

बाईने डबा मिटला. "कोणीच नाही. फाईल आम्ही उघडतसुद्धा नाही."

"मग एकाहत्तर कुठून आलं?"

"साठ ते ऐंशीमधला कुठलाही आकडा टाकायचा. चाळीस टाकला तर माणूस चिडतो, भांडतो. सत्तरच्या आसपास टाकला की त्याला खरं वाटतं. थोडं आपलंही चुकलं असेल म्हणतो. ज्यांनी काम कसंतरी उरकलेलं असतं ना, ते आमचा फोनच उचलत नाहीत. जीव ओतून काम केलेले तेवढे भरतात."

आत्या समोरच्या खुर्चीत बसली. पुढचं तिला फार विचारावं लागलं नाही. त्या बाईनेही वर्षापूर्वी असंच टायपिंग घेतलं होतं, तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन. चौसष्ट टक्के. भरायला पैसे नव्हते, तेव्हा सर म्हणाले, इथे फोनवर बस आणि फेड. आणि सर? त्यांनीही आधी एका दलालाकडून असलंच काम घेतलं होतं, दंड भरून हात पोळले होते. मग त्यांनी तोच करार घेतला, वरचं नाव बदललं आणि खोली भाड्याने घेतली.

"म्हणजे त्यातल्या चुकाही जुन्याच," आत्या म्हणाली.

"कसल्या चुका?"

"काही नाही. तुझं काम मला दाखव कधीतरी. चौसष्ट नसणार ते."

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आकडे कसे पडतात ते रोज बघूनही वर्षभर तिने स्वतःला कामचुकार समजण्यात काढलं होतं.

तीन दिवसांनी ती आत्याच्या दारात उभी. नोकरी सोडून आली होती आणि फोनमध्ये एकशे बारा लोकांचे नंबर उतरवून आणले होते. आत्याने ते टाइप केले, अर्थातच अकारविल्हे, आणि फोन लावायला बसली. पहिल्या दिवशी निम्म्यांनी शिव्या घातल्या. त्यांना वाटलं, हा फसवणुकीचा नवा प्रकार. मग आत्याने सुरुवात बदलली. "पैसे मागायला फोन केलेला नाही. तुमच्या कामात चूक नव्हती, एवढंच सांगायचंय." ह्यावर बरेच जण फोन ठेवता ठेवता थांबत.

तेवीस जण तक्रारीवर सही करायला तयार झाले. पोलिसांनी आधी हात झटकले, मग बारा पानी अर्ज बघून अधिकारी म्हणाला, "हे कोणी लिहून दिलं तुम्हाला?" "मीच," आत्या म्हणाली. खोलीवर पोलीस गेले तेव्हा ती रिकामी होती. सर पाच महिन्यांनी दुसऱ्या शहरात सापडले. खात्यात जे होतं ते वाटून आत्याच्या वाट्याला नऊशे आले. खटला अजून चालू आहे. ती बाई आता एका दवाखान्यात नोंदी टाइप करते; शब्द आत्यानेच टाकला होता.

मी एकदा आत्याला विचारलं, "तुझ्यासारखी बाई फसली कशी गं?"

"लोक म्हणतात हावेने फसतात. मला तर ते अठरा हजार आठवतही नव्हते," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी कोणीतरी काम सांगितलं होतं. एवढंच."

त्या यादीत एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी तीन वेळा दंड भरला होता. आत्याने त्यांची सगळी पानं मागवून तपासली आणि अठ्ठ्याण्णवच्या वर भरतात असं लेखी कळवलं. मास्तर अजून अधूनमधून फोन करतात आणि दर वेळी विचारतात, "बाई, नक्की ना? काहीतरी चुकलंच असेल हो माझं."