सटवाईचं हस्ताक्षर

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐका. आणि ऐकून आमच्या शाळेत कुणाला सांगू नका, नोकरी राहील पण अब्रू जाईल. मी काष्टीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. भूत, भानामती, लिंबू-मिरची, सगळ्यांची पोरांसमोर टर उडवतो. त्याच मी नगरच्या एका दवाखान्यात जो पराक्रम केला ना, तो सांगताना अजून माझे कान गरम होतात.

लेक आठव्या महिन्यातच आली. वजन दीड किलोसुद्धा नाही. तिला नेलं एनआयसीयूत, काचेच्या पेटीत, आणि बायको खालच्या वॉर्डात, टाके आणि तापाने बेजार. लेकीला भेटायला उरलो मी एकटा. भेटायचं म्हणजे काय, तर हात धुवायचे, गाऊन चढवायचा आणि पेटीकडे बघत उभं राहायचं. पेटीच्या गोल झरोक्यातून बोट लावायला परवानगी होती. चार दिवस मी ते बोट लावलं नाही. घाबरलो होतो हो! एवढीशी ती, नाकात नळी, हाताला पट्टी. मला वाटायचं, माझ्या बोटानेच काहीतरी मोडेल.

पाचव्या दिवशी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "श्वास असाच राहिला तर उद्या तुम्ही तिला छातीशी धरायचं. उघड्या छातीशी, तासभर. आईला ताप आहे, तेव्हा बापाने. तिला त्याची गरज आहे."

गरज म्हणे तिला! मी जिन्यात जाऊन दोन मिनिटं बसलो. 'असाच राहिला तर.' हे 'तर' काही डोक्यातून जाईना.

तेवढ्यात गावाहून आईचा फोन.

"आरं, आज पोरीची पाचवी हाय. सटवाई येऊन तिचं नशीब लिवनार. कोरा कागद आन् पेन ठिवलास का उशाला?"

"आई, इथं माशीला प्रवेश नाही. सटवाई काय गाऊन घालून येणार आहे?"

"तू लई शाना! कागद न्हाई दिसला तर ती कशावर लिवंल? म्हागारी जाईल ना!"

फोन ठेवला. आणि मग… हसू नका. वहीतला एक कागद फाडला. संध्याकाळच्या भेटीत सिस्टरांची पाठ वळताच तो कागद आणि माझं पेन पेटीखालच्या ट्रेवर सरकवलं. म्हटलं, विज्ञानाचं काय जातंय?

सकाळी आठला आत गेलो. कागदावर लिहिलेलं होतं!

चांगल्या चार ओळी! एक अक्षर लागेल तर शपथ. मराठी नाही, इंग्रजी नाही, आणि खाली एक लांबलचक शेपूट. कागदाची घडी खिशात घातली आणि गुपचूप बाहेर आलो.

बाहेरच्या बाकावर आई येऊन बसलीच होती, पहिल्या एसटीने. कागद बघताच तिने पदर पसरला. पिशवीतून हळदीकुंकवाची पुडी काढली आणि कागदावर वाहिलं. शेजारी खर्ड्याचे एक आजोबा होते, त्यांचा नातू आत. ते चष्मा सावरत वाकले.

"ही मोडी हाय. आमच्या जमिनीच्या जुन्या कागदांवर आशीच हुती."

"वाचता येतंय का?"

"समदं न्हाई. पन ह्यो शब्द 'आयुष्य' हाय. आन् ही शेपटी म्हंजी लई मोठं आयुष्य!"

मी, बी.एस्सी., बी.एड., आजोबांच्या पाया पडलो.

दहा वाजले. अकरा वाजले. आजोबांचा मुलगा आत जाऊन, आपलं पोरगं छातीशी धरून, डोळे पुसत बाहेरही आला. मला हाकच नाही! बाराला मी दार वाजवलं.

"अहो पप्पा, थांबा जरा," सिस्टर वैतागल्या होत्या. "फाइल एक्स-रेला गेल्ती, म्हनून मॅडमनी सकाळीच तुमच्या बाळाची ऑर्डर तिथंच पडलेल्या सुट्ट्या कागदावर लिवली. त्यो कागदच सापडंना. मॅडम ऑपरेशनला गेल्यात. लेखी असल्याबिगर मी बाळाला पेटीतनं काढायची न्हाई."

आता कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात इथे उजेड पडला असता. माझ्या पडला का? छे! मी भडकलो.

"कागद हरवतो म्हणजे काय? माझी लेक तिथं एकटी पडलीय आणि तुम्हाला एक कागद सांभाळता येत नाही? माझ्या वर्गात कुणी वही हरवली तर मी अंगठे धरून उभं करतो! तक्रारवही आणा!"

तक्रारवही आली. सगळा बाक माझ्याभोवती जमला. मी तावातावाने खिशात पेन शोधायला लागलो. पेन कुठलं, ते तर आत ट्रेवर! हाताला लागली ती घडी, आणि ती पडली नेमकी सिस्टरांच्या पायाशी.

त्यांनी उचलली, उघडली. एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"ह्याच्यावर हळदीकुंकू कुनी वाहिलं?"

"मी, बाई," आई हरखून म्हणाली. "सटवाईनं लिवलंय ना!"

"सटवाईनं न्हाई वो आजी, आमच्या मॅडमनी लिवलंय!" आणि त्यांनी ते छापील असल्यासारखं घडाघडा वाचलं. "'श्वास उत्तम. दूध दोन मिली वाढवा. आजपासून रोज एक तास वडिलांच्या छातीशी. नऊला सुरू करा.'"

नऊला! म्हणजे तीन तास माझी लेक वाट बघत पडली होती, आणि तिला धरायची परवानगी खिशात घालून तिचा बाप बाहेर भांडत होता. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. आजोबा चष्मा पुसत दुसरीकडे बघायला लागले.

"मंग मी काय वंगाळ बोलले?" आई म्हणाली. "चांगलंच लिवलंय की!"

सिस्टरांनी मला हळदीचे डाग जाईपर्यंत हात धुवायला लावले. खुर्चीत बसवलं, आणि लेकीला उचलून माझ्या छातीवर ठेवलं. ऊन ऊन, ओंजळभर जीव. तिने एकदा नाक घासलं, इवलीशी मूठ माझ्या कातडीवर उघडली आणि झोपून गेली. पाच दिवसांची माझी भीती कुठे पळाली कळलं नाही. पण मला जे रडू फुटलं म्हणता! हुंदके आवरेनात. माझी छाती गदगदा हलायला लागली, तिच्या वायरी हलल्या आणि यंत्र टीं टीं करायला लागलं. सिस्टर धावत आल्या.

"काय झालं हो तिला?" मी ओरडलो.

त्यांनी आधी लेकीला नीट पाहिलं, वायर सरळ केली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पलीकडच्या सिस्टरला हाक मारली.

"अगं, बाळ एकदम गप हाय. आता ह्या पप्पाला छातीशी कोन धरनार?"