शाडूचा उंदीर विरघळेना

रोह्याच्या शाळेच्या हॉलमध्ये विज्ञान प्रदर्शन होतं आणि आमच्या टेबलावर काचेच्या दोन बरण्या होत्या. दोन्हींत पाणी. एकीत प्लास्टरचा उंदीर, दुसरीत शाडूचा. परीक्षक तीन टेबलं सोडून उभे होते आणि शाडूचा उंदीर विरघळायचं नाव घेत नव्हता.

उंदीर का, गणपती का नाही, असं कोणी विचारेल. मूर्ती बरणीत बुडवून प्रयोग करायचा, हे पेणजवळच्या जोह्यात, गणपतीच्या कारखान्यांच्या गावात, कोणाच्या मनातही येणार नाही. विसर्जन आरती झाल्यावर होतं, प्रदर्शनात होत नाही. म्हणून गणपतीचं वाहन घेतलं. दीपालीच्या आईने त्यालाही आधी हात जोडले, ते वेगळं.

दीपाली नववीत. तिचे बाबा अनंतदादा जोह्यात गणपती करतात. मी पेणच्या एका संस्थेत काम करते. शाळेतल्या मुलांना प्रोजेक्टसाठी मदत करणं हे माझं पगाराचं काम. शाडूच्या मूर्तींचा प्रचार हे बिनपगारी.

आपल्याकडे प्रोजेक्ट म्हणजे काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. थर्माकोलचा ज्वालामुखी. आईने चिकटवलेला, दादाने रंगवलेला. उत्तर आधी ठरलेलं, प्रयोग नंतर मागून येणार, आणि वर बक्षीस. मला याची चीड आहे. मुलांना एकच सांगते: एक गोष्ट तुम्ही मुद्दाम बदला, आणि तिच्यामुळे दुसऱ्या कशात काय फरक पडतो ते बघा. जी तुम्ही बदलता ती इंडिपेंडंट व्हेरिएबल, आपल्या पुस्तकातलं स्वतंत्र चल. जी बदललेली दिसते ती डिपेंडंट, म्हणजे अवलंबी चल. तिला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. इतकंच आहे.

दीपालीचं स्वतंत्र चल होतं माती: प्लास्टर की शाडू. अवलंबी चल होतं विरघळणं. पाणी तेच, बरणी तीच, उंदराचा आकार तोच. कागदावर सगळं चोख.

पण या प्रयोगावर मार्कांपेक्षा मोठं काहीतरी टांगलेलं होतं. अनंतदादांनी या हंगामात प्लास्टर पूर्ण बंद केलं होतं. माझ्यासारख्यांनी वर्षभर त्यांचं डोकं खाल्लं म्हणून. रोह्याचे दोन मूर्तिविक्रेते मुद्दाम हा प्रयोग बघायला येणार होते. शाडू डोळ्यांदेखत विरघळला तर माल घेऊ, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

ते आले. वाकून बघितलं. त्यातला जाडसर होता तो हसला.

"अनंतशेट, दोन्ही सारखेच की हो! तुमचा उंदीर पोहायला शिकलाय."

अनंतदादांचा चेहरा उतरला. मी बाहेर जाऊन संस्थेतल्या सरांना फोन लावला.

"बरणी टेबलाखाली सरकव," सर म्हणाले. "पोस्टर पुढे कर. मोहिमेचं नाव जाईल."

"सर, बरणी टेबलाखाली गेली तर आपल्यात आणि ज्वालामुखीवाल्यांत फरक काय राहिला?"

"फरक नंतर बघू. आधी निभावून ने."

फोन ठेवला. आत आले तर दीपाली खोक्यातला एक जादा शाडूचा उंदीर हातात घेऊन उलटसुलट करून बघत होती.

"बाबा, याला रंग कोणी दिला?"

"मीच की. परवा."

"मी कच्चे ठेवलेले. वाळवून. सकाळी रंग दिसला तो मला पाण्याचा वाटला."

"अगो, शाळेत जायचे होते ना? दहा लोक बघणार. माझ्या कारखान्यातून उघडा माल भायेर जात नाय. ऑइल पेंट मारला, वर वार्निश. चांगले दोन हात."

"खालीपण?"

"खालीपण. प्रदर्शन हाय म्हणून."

एरवी मूर्तीचा तळ कोणी रंगवत नाही. पण पोरीचा प्रोजेक्ट म्हटल्यावर बापाने तळसुद्धा चकचकीत केला होता. त्या बिचाऱ्या उंदराला पाणी शिरायला कुठे फट म्हणून राहिली नव्हती.

"ताई," दीपाली मला म्हणाली, "मी माती बदलली असं आपण म्हणतोय. पण पाण्याला माती लागलीच नाय. पाण्याला दोन्हीकडे रंगच लागला."

हे वाक्य माझ्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मला कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता माती बदलायची नाय. रंग बदलायचा. याच उंदराचा अर्धा रंग काढते."

तिने कंपासचं टोक उंदराच्या पाठीला लावलं. अनंतदादा कळवळले. "एवढं फिनिशिंग खरवडतेस गो?" परीक्षक एक टेबल अलीकडे आले होते. मग अनंतदादांनीच खिशातून कोरणी काढली, उंदीर तिच्या हातातून घेतला आणि नाकापासून शेपटीपर्यंत सरळ रेघ ओढली. रेघेच्या डावीकडचा रंग त्यांनी स्वतः उतरवला. उजवीकडे सोनेरी कान तसाच राहिला.

परीक्षक मॅडम पोचल्या. "तुझं इंडिपेंडंट व्हेरिएबल काय?"

"सकाळपर्यंत माती होती मॅडम. आता रंग हाय."

मॅडमनी चष्मा वर केला. दीपालीने खोक्यातून तिसरी बरणी काढली, पाणी भरलं आणि तिच्यात उंदीर सोडला.

आधी काहीच झालं नाही. मग उघड्या बाजूने एक बारीक बुडबुडा निघाला. मग त्याच्यामागे माळ लागली. मातीतली हवा बाहेर येत होती आणि तिच्या जागी पाणी आत जात होतं. उघड्या कुशीवर एक भेग पडली, तिथून पापुद्रा सुटला आणि धुरासारखा खाली उतरला. मग दुसरा. डावा कान गेला. डावा पाय गेला. तळाशी मातीचा मऊ ढीग वाढत होता, आणि रेघेच्या पलीकडे उजवा कान, उजवा डोळा, जानव्यासारखी रंगवलेली सोनेरी पट्टी, सगळं शाबूत. शेवटी आतली माती सगळी ओघळून गेली आणि उरलं ते अर्ध्या उंदराचं पोकळ टरफल, नुसत्या रंगाचं, पाण्यात उभं.

हॉलमध्ये आमच्याभोवती गर्दी झाली होती. एकच माती, एकच पाणी, एकच उंदीर, आणि एका रेघेने त्याचे दोन भाग असे वेगळे झाले होते की वाद घालायला जागा उरली नव्हती.

अनंतदादा टरफलाकडे बघत राहिले. "म्हणजे एवढी वर्षं," ते हळू म्हणाले, "शाडूच्या मूर्तींना पण आपण हेच मारतो."

दीपालीला दुसरा नंबर मिळाला. पहिला कोणाला मिळाला ते मी लिहिणार नाही, माझं डोकं फिरेल. जाडसर विक्रेता निघून गेला. दुसरा थांबला.

"पाण्याच्या रंगात देशील?"

"देतो," अनंतदादा म्हणाले. "चमक कमी येल. आणि जे ऑइल पेंटात झालेत ते तसं सांगूनच विकीन. लवकर विरघळतील असं मी बोलणार नाय."

जेवढे गणपती घेणार होता त्याच्या निम्मे त्याने घेतले. पण घेतले.

परतीच्या गाडीत नागोठणं आलं, तसे अनंतदादा एकदम सरसावून बसले.

"गो दीपाली, धरमतरच्या खाडीत, खाऱ्या पाण्यात टाकला तर? आणि वाईच जाड केला तर? आणि मातीत कागदाचा लगदा घातला तर?"

"बाबा, एका येळी एकच!"

"बरं. मग आधी खारं पाणी."

"आणि तोवर तुम्ही ब्रशला हात नाय लावायचा."

व्हेरिएबल शिकवणं सोपं आहे. जड जातं ते घरातल्या मायेच्या माणसांना प्रयोगापासून लांब ठेवणं.