खंड्याचं डोकं मी उतरवलं

दोस्तांनो, दुपारपासून कशातच मन लागत न्हाई, म्हणून लिहितोय.

आज माजलगावात एका मंगल कार्यालयात आमचा फरी मेळावा होता, म्हणजे प्राण्यांचे केसाळ पोशाख घालणाऱ्यांचा. साउंड, लाइट माझ्याकडं आणि पोशाखातल्या माणसांची काळजीपण. नियम मीच केलेला: वीस मिनिटं झाली की पोशाखाचं डोकं उतरवून कूलरपुढं बसायचं.

माझा मित्र दत्ता तलवाड्याकडच्या मेंढपाळाचा पोरगा. त्यानं मेंढरं सोडली तेव्हापासून त्याचे आबा त्याच्याशी बोलत न्हाईत. दत्तानं त्यांच्या मेलेल्या कुत्र्याचा, खंड्याचा पोशाख शिवला आणि निरोप धाडला, "खंड्याला बघायला या."

आबा खरंच आले, तेव्हा दत्ता तो पोशाख घालून उभा होता. मी गाणं बंद केलं. ते सरळ खंड्यापाशी गेले, कानामागं खाजवत म्हणाले, "कुठं गेलतास रे इतके दिस? मला लई एकटं वाटतंय."

दत्ता जागचा हलला न्हाई. वीस मिनिटं कधीच झालती. मी अजून पाच दिली. मग त्याचे पाय लटपटायला लागले. मी पळत जाऊन डोकं उतरवलं.

आत घामानं आणि रडून भिजलेला दत्ता. "आबा..."

आबांनी हात मागं घेतला, पटका सारखा केला आणि निघून गेले.

दत्ता पाण्याला शिवला न्हाई. एवढंच म्हणाला, "कशाला काढलं रे? अजून बोलले असते ते."

त्या उकाड्यात आतला माणूस दगावू शकतो, मला ठाऊक हाय. तरी सांगा, तुमी काढलं असतं का ते डोकं?