न दिलेला नकार

मानपाड्याला दोन घरच्या पोळ्यांच्या मधल्या वेळात मी एका बिल्डिंगच्या पायरीवर बसते. तिथेच एक मावशी रोज डबा खायची, तोही डाव्या हाताने. आधी मला ते कसंतरीच वाटलं, मग कारण कळलं. तिला साफसफाईची कामं फोनवरच्या ॲपवर यायची आणि जी बाई आधी बोट लावेल तिला काम मिळायचं. म्हणून उजवा हात कोरडा.

मग तिचा फोन आपोआप अपडेट झाला. अक्षरं गोल झाली, स्क्रीनवर हलणारी फुलं आली. पण काम आलं की फोन हँग व्हायचा. ती बोट दाबत राहायची आणि काम दुसरीला जायचं.

वॉचमन हसायचा, "काय मावशी, फोन झोपला काय?"

"झोपत नाही रे, नटतोय मेला. फुलं कुणी मागितलेली ह्याच्याकडे? होता तसा पळला असता तरी पुष्कळ होतं."

परवा तिने फोन माझ्यापुढे धरला. "अगं, वाच ना, काय आलंय ते."

मी अक्षर लावत वाचलं. तुम्ही वारंवार कामं नाकारल्यामुळे यापुढे तुम्हाला काम दिलं जाणार नाही.

"मी कधी नाकारलं गं?"

फोन अडकल्यामुळे हातची गेलेली कामं ॲपने तिचे नकार म्हणून मोजलेली. लोकांचे संडास, तुंबलेल्या मोऱ्या, जे आलं ते तिने केलेलं. नाही म्हणायची सोय तिला कधी नव्हतीच, आणि शिक्षा मात्र नाही म्हटल्याची झाली.