तिसऱ्या धड्यापासून कोरं

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलंच पाहिजे! सीईटीला दोन महिने राहिलेत आणि मी फिजिक्सचं तिसरं पुस्तक घ्यायला जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले होते. घरातली दोन मला "नीट समजत नाहीत" ना! दुकानातलं एक उघडलं. पहिला धडा ओळ न् ओळ पिवळा, समासात चांदण्या, 'व्हेरी आयएमपी'. दुसऱ्यात दोनच रेघा. तिसऱ्यापासून कोरं करकरीत! दुसरं पुस्तक उघडलं, तेही तसंच. सात पाहिली, सातही तशीच. मी हबकलेच.

"काका, पुढचं कोणीच वाचत नाही?"

"पोरी, म्हणून तर माझी जुनी पुस्तकं नव्यासारखी असतात," दुकानदार काका हसले. "अडलं की पोरांना वाटतं पुस्तकच बरोबर नाही. मग येतात दुसरं घ्यायला."

बाप रे! म्हणजे अवघड पान आलं की आपण पुस्तक बदलतो, आणि नव्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यात पुन्हा हुशार होतो. मी काहीच न घेता घरी आले. आता माझ्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा धडा उघडलाय, तर पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, शप्पथ! तुमचंही असंच झालंय का हो?