इंदूसाठी मोटार पाहायला: अमरावती, दर्यापूर, अकोला

हे शाळेतून निवृत्त झाले आणि निरोपाच्या हारातली फुले सुकायच्या आत म्हणाले, आता मोटार घ्यायची. नवी नाही, वापरलेली. पण आत झोपता येईल, स्टो पेटवता येईल, पाण्याची घागर ठेवता येईल अशी. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हातात आली की माणसाला असे काहीतरी सुचतेच, असे मी मनात म्हटले. पण कारण वेगळे होते.

कारण म्हणजे आमची इंदू. सहा वर्षांची असताना तिला ताप आला. ताप गेला तो तिच्या दोन्ही पायांतले बळ घेऊन गेला. आता ती अठ्ठावीस वर्षांची आहे. एस.टी.त तिला बसवता येत नाही. आगगाडीत चढवायचे तर फलाटावर चार माणसे लागतात, आणि त्यांतली दोन नुसती बघायला आलेली असतात. घरात सुताराकडून चाकाचा पाट करून घेतला आहे, त्यावर बसून ती दोन खोल्यांत आणि ओट्यावर फिरते. कुलदेवता माहूरची, पण तिने ती पाहिलेली नाही. उचलायचे काम यांचे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी यांना हर्नियाचा पट्टा दिला आणि वजन उचलायचे नाही म्हणून बजावले. हे म्हणाले, "वजन नाही, मुलगी आहे."

तेव्हा यांच्या अंगात जोर आहे तोवर इंदूला देश दाखवायचा, अशी ही घाई होती. माहूर, मग नाशिक, आणि अंगात त्राण उरले तर रामेश्वर.

दिवाळी होऊन थंडी पडू लागली होती. आम्ही गणपतची टॅक्सी ठरवली. गणपत बडनेऱ्याकडच्या माळ्यांचा. भाऊ वांगी-मिरची पिकवतात, हा मालकाची टॅक्सी चालवतो. दोन दिवसांचे भाडे पेट्रोलसकट साठ रुपये ठरले. मी पन्नासावर अडले होते, पण यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी सोडून दिले. इंदूलाही न्यायचेच होते. जिच्यासाठी मोटार, तिलाच त्यात निजवून पाहिल्याशिवाय कशी घ्यायची? बरोबर दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन सुरया पाणी आणि एक सुती नाडा घेतला. इंदूच्या गादीच्या लांबीला नाड्यावर गाठ मारून ठेवली होती. अशी मोटार कोणाला पाहायची असेल तर हे जरूर करावे. विकणाऱ्याला फूट-इंच विचारले तर तो आपल्याला हवे तेवढेच सांगतो.

सकाळी गणपतने टॅक्सी ओट्याला अगदी चिकटवून लावली. मी पाय धरले, यांनी काखेत हात घातले आणि पाटावरून इंदूला सीटवर सरकवली. अंबादेवीच्या रस्त्यावरून जाताना गाडी हळू केली आणि बसूनच हात जोडले.

पहिली मोटार अमरावतीतच होती. लष्कराने लिलावात काढलेली, जुन्या कापूस बाजारामागे एका मिस्त्रीच्या आवारात उभी. लांबीला नाडा टाकून वर हातभर उरत होते, टायर बरे होते, पण तळ यांच्या छातीला लागत होता. गणपत म्हणाला, "मास्तर, हे नोका घेऊ. चढ्याले शिडी लागन." इंदू टॅक्सीच्या खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "शिडी काहून? कापसाची गाठ चढवतात तसं दोरानं ओढा मले." मिस्त्री हसला. हे हसले नाहीत, पण तिथून निघाल्यावर दोनदा ते वाक्य स्वतःशी म्हणाले.

दर्यापूरचा रस्ता निम्मा डांबरी, निम्मा खडीचा. दोन्हीकडे काळे रान आणि वेचणीला आलेला कापूस. इंदू खिडकीला लागून बसली होती. कापूस वेचणाऱ्या बाया दिसल्या की ती हात करायची, आणि त्या कमरेला ओटी बांधलेल्या, वाकलेल्या असताना मान वर करून परत हात करायच्या. मी दोनदा म्हटले, धूळ येते, काच लाव. तिने ऐकले नाही. ओळख ना पाळख, किती बायांना तिने हात केला असेल.

दर्यापूरला माझ्या मावसभावाकडे मुक्काम केला. जेवणात ज्वारीची भाकरी आणि तेलावर परतलेली वांगी होती. ती वांगी गणपतनेच आणली होती. मावसभावाने एका जिनिंगवाल्या शेठची मोटार हेरून ठेवली होती. संध्याकाळी ती पाहिली. लाकडी अंगाची लांब मोटार, चहूकडे काचा. शेठने ती लग्नाच्या वरातींना देऊन देऊन जुनी केली होती. छताला अजून झेंडूची माळ लटकत होती. दिसायला मोठी देखणी. यांनी दाराच्या चौकटीवर बोट दाबले तर बोट आत गेले. उधईने आतून पोखरली होती.

शेठ म्हणाले, "लाकडाले लागली म्हणून काय झालं, मास्तर? इंजिनाले थोडीच लागते उधई?"

इंदूला मात्र तीच हवी होती. "हेच घ्या बाबा, चारी बाजूनं दिसते," असे ती रात्री जेवतानाही म्हणत होती. मी तिला समजावले की त्यात निजायला जागा नाही, बाक काढले तर तळच राहणार नाही. ती गप्प बसली. हट्टी पोर गप्प बसली म्हणजे पटले, अशी माझी समजूत.

दुसऱ्या दिवशी लाखपुरीवरून अकोल्याकडे निघालो. पूर्णेच्या काठी महादेवाचे देऊळ आहे. मी उतरून पाणी घातले आणि नदीचे पाणी कमंडलूत घेऊन इंदूच्या डोळ्यांना लावले. काठावर दशम्या खाल्ल्या. या वाटेने जाणाऱ्यांनी खाणे बरोबर ठेवावे. मूर्तिजापूरपर्यंत चहाखेरीज काही मिळत नाही, आणि चहाही उसाच्या रसासारखा गोड. मूर्तिजापूरहून अकोल्याचा रस्ता मोठा आहे, पण गाठींच्या ट्रकांनी भरलेला. अकोल्यात शिरेपर्यंत आमच्या केसांवर कापसाचा भुगा बसला होता.

अकोल्याची मोटार एका कंत्राटदाराच्या आवारात होती. पूर्वी ती कुठल्याशा धर्मादाय दवाखान्याची, रोग्यांना ने-आण करायची. बंद डब्यासारखी, पांढरी. आत एका बाजूला लांब बाक, नाडा टाकला तर गाठ बरोबर टोकाला. दुसऱ्या बाजूला फळी, स्टो ठेवण्याजोगी. वर पाण्याची टाकी. कोपऱ्यात एक खण असा, की माझे देव त्यात सहज मावले असते. तळ खाली, मागचे दार रुंद. किंमत यांनी ठरवली होती तेवढीच, वर कागदाचा खर्च. मी विचारून घेतले की यातून मेलेली माणसे नेली होती काय. कंत्राटदार म्हणाले, "बाई, नेताना सगळे जिवंतच असत. पुढचं डॉक्टरच्या हाती." मी गोमूत्र शिंपडायचे ठरवले आणि मनातल्या मनात पितळी डबे फळीवर मांडलेसुद्धा. आपले म्हातारपण त्या डब्यात किती सोयीचे जाईल, असे वाटत होते.

गणपतने मोटारीचे मागचे दार टॅक्सीच्या दाराला भिडवले, मध्ये फळी टाकली आणि आम्ही इंदूला बाकावर सरकवली. ती उताणी निजली. मी म्हटले, बघ, किती ऐसपैस. तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. खिडक्या उंचावर होत्या आणि काचांना पांढरा रंग दिलेला होता.

"आई, इथून मले काय दिसन?"

मी म्हटले, आपण पोचलो की उतरून पाहायचे.

"उतरवणार कोन?" ती म्हणाली. मग छताकडे बघत, "आढं तं मी घरीच पाहते. मले पुढं बसवा. डायव्हरच्या बाजूले."

हे लगेच म्हणाले, बसवू की. मागून पुढे जायचे म्हणजे तिला बाहेर घेऊन, वळसा घालून, वर चढवायचे. मी पाय धरायला पुढे झाले, तर हे म्हणाले, तू सर, मी नेतो. यांनी तिला दोन्ही हातांवर उचलले आणि पुढच्या दारापर्यंत नेलेसुद्धा. पायरीवर एक पाय ठेवला आणि तो गुडघा तसाच खाली बसला. इंदू घसरत घसरत मोटारीच्या चाकाशी धुळीत टेकली, हे तिच्या शेजारी. लागले कोणालाच नाही. कंत्राटदाराच्या आवारातले हमाल काम थांबवून बघू लागले.

गणपत धावला. हे खाली बसूनच ओरडले, "हात लावू नको तिला."

तो जागच्या जागी थांबला. लग्नाच्या वयाची मुलगी, परका पुरुष, भर आवारात. यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे असेच आहे. पण पोर धुळीत होती. तिचे पातळ गुडघ्यापर्यंत सरकले होते, आणि तिला ते खाली ओढता येत नव्हते, कारण एक हात टेकायला लागत होता. मी ते सारखे केले. तेव्हा इंदूने यांच्याकडे न पाहता म्हटले, "गणपतभाऊ, उचला मले."

तो यांच्याकडे पाहत राहिला. यांनी मान फिरवली.

मी म्हटले, "उचल बाबा."

त्याने उचलले. कोणाला काही वाटू नये अशा बेताने, तोंड दुसरीकडे करून, आणि पायरी चढून तिला पुढच्या सीटवर बसवले. मग मोटार चालवून पाहायला म्हणून तो तिला गावात घेऊन गेला. मुलीला एकटी पाठवायची नाही म्हणून मी मागच्या डब्यात बसले. हे आवारातच थांबले.

दार लागले आणि मला काहीच दिसेना. छताचे खिळे, पांढरी काच, मधूनमधून उजेडाची हालचाल. मोटार कुठे वळली, कुठे थांबली, कळत नव्हते. बाक लांब आणि गुळगुळीत, दर वळणावर मी घसरत होते. ड्रायव्हरच्या पाठीमागे जाळीची बारकी खिडकी होती, तीतून फक्त त्यांचे बोलणे यायचे.

"हे काय हाय?"

"मोर्णा नदी."

"एवढुशीच?"

"पावसाळ्यात पाहा तिले, ताई. मंग समजन."

"आन ती भित?"

"किल्ल्याची. मांगं रायला राजराजेश्वर."

मी हात जोडले. देऊळ कोणत्या बाजूला ते ठाऊक नव्हते, समोरच्या पांढऱ्या काचेलाच जोडले. पुढे इंदू हसत होती. कोणीतरी सायकलवरून पडता पडता वाचला, त्यावर गणपत काहीतरी बोलला आणि ती हसत होती. घरी ती अशी हसत नाही.

परत आलो तेव्हा हे आवारात एका दगडावर बसले होते. कंत्राटदार आपण होऊन किंमत उतरवायला तयार झाले होते. यांनी इंदूला विचारले, कसे वाटले. ती म्हणाली, "बाबा, वरून म्हशीबी बारक्या दिसतात." यांनी मान हलवली आणि कंत्राटदारांना सांगितले की मोटार उत्तम आहे, आम्हाला नको.

मूर्तिजापूरला रेल्वेचे फाटक बंद होते. मालगाडी येणार होती. गणपत खाली उतरला होता, इंदूचा डोळा लागला होता. हे हळू आवाजात म्हणाले, "मोटार मिळत होती ग. उचलणारा कुठून आणू?"

मी तोंडी हिशेब केला. मोटार चालवील आणि तिला उचलील असा ड्रायव्हर ठेवायचा तर त्याचा महिन्याचा पगार म्हणजे आमचा किराणा, दूध आणि इंदूचे औषध मिळून होते तेवढा. मोटार घेतली तर ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर ठेवला तर मोटार नाही. दोन्ही जमवले तर दीड वर्षात फंड संपतो, आणि त्यानंतर आम्ही दोघे किती दिवस असू, हा आकडा कुठून आणायचा? यांनी मला थांबवले. म्हणाले, माहूरला एकदा नेऊही. पण आपण गेल्यावर तिला न्हाणीत कोण नेईल, ते सांग. फाटक उघडले.

घरी गणपतनेच तिला टॅक्सीतून उचलून खाटेवर ठेवली. हे दिवा धरून उभे होते. शेजारच्या दोघीतिघी ओट्यावर आल्या होत्या. त्यांनी पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी मला विहिरीवर काय ते विचारलेही. इंदूने गणपतला विचारले की माहूरला चालशील का. तो म्हणाला, "मालक सोडन तं येईन, ताई." मालक सोडणार नाही हे तिलाही ठाऊक होते. त्याने ठरलेल्या साठांतून पाच रुपये परत करायला काढले. यांनी घेतले नाहीत, आणि या वेळी मीही हात पुढे केला नाही.

अशी मोटार घेऊ पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की लाकूड दाबून पाहा, लांबी आपल्या नाड्याने मोजा, आणि विकत घेण्यापूर्वी एकदा मागच्या डब्यात दार लावून बसा. बाकी तुमचे तुम्ही जाणा.

आम्ही मोटारीचे नाव पुन्हा काढलेले नाही. हे आता इंदूला एकट्याने उचलत नाहीत. दोघे मिळून ओढतो, आणि तीही गंमत न करता अंग सैल सोडते.

मी रोज देवापुढे बसते. पूर्वी तिच्यासाठी पाय मागत असे. ते कधी थांबले आठवत नाही. मग मोटार मागितली, तीही दारापर्यंत येऊन गेली. अकोल्याहून आल्यावर मागू लागले की, आई रेणुके, आम्हां दोघांतल्या एकाला तरी तिच्याहून एक दिवस जास्त दे. आठ-पंधरा दिवस रोज हेच मागितले. एका सकाळी फुलवात लावता लावता कळले की मी काय मागते आहे. हात तसाच राहिला.

खाटेवरून इंदूने विचारले, "आई, आज इतका वेळ काय मागून राहिली तू?"

मी म्हटले, "साखर स्वस्त होऊ दे म्हटलं."

"मंग मिळन," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.