लिव्हर विभागाचे हरवलेले एकोणीस

सकाळी बागेतल्या बाकावर बसलो की मंडळी म्हणतात, "मोरे, दवाखान्यातलं काहीतरी सांगा." पेशंटचं मी सांगत नाही. ते बाहेर बोलायचं नसतं. पण डॉक्टरांचं बोलायला बंदी कुठे आहे? सत्तावीस वर्षं मी लिव्हर विभागाची रेकॉर्ड खोली सांभाळली. केसपेपर दहा वर्षांनी रद्दीत जातात. किस्से जात नाहीत. ते डोक्यात एकावर एक साचत राहतात.

माझं शिक्षण सातवी. लपवण्यासारखं त्यात काही नाही. मी लावलेला केसपेपर मिनिटाच्या आत सापडायचा. एम.डी. झालेल्यांनी लावलेला कुणालाच सापडायचा नाही!

विभागात दोन माणसं महत्त्वाची. एक मोठे सर, म्हणजे विभागप्रमुख. कमी बोलायचे, पण बोलले की समोरचा दिवसभर तेच आठवायचा. दुसऱ्या मॅडम. अकोल्याच्या, हुशार, नेमणूक मात्र हंगामी. त्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं, की तीन वर्षांत चांगल्या परदेशी जर्नलमध्ये एक पेपर छापून आणा, म्हणजे कायम करू. नाहीतर जागा रिकामी करा. नवरा हिंजवडीत कॉम्प्युटरवर, मुलगी कोथरूडच्या शाळेत पहिलीला. पुण्यात दुसरीकडे लिव्हरची जागा नव्हती. म्हणजे पेपर आला नाही तर बाई अकोल्याला आणि संसार पुण्याला.

*

आधी आमच्याकडे दोनच कपाटं होती. एकावर मी 'कावीळ' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'दारू'. लिव्हरचा सगळा आजार त्या दोन कपाटांत मावत होता.

मग पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या. केसपेपर काढायच्या माझ्या खिडकीवर वेगळीच माणसं दिसायला लागली. वय तिशीचं, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड. सोनोग्राफीत म्हणे लिव्हरवर चरबी. मी त्यांचे पेपर 'दारू'त लावत गेलो. दुसरं कपाटच नव्हतं!

एका मुलाने ते बघितलं. "काका, माझा पेपर तिथे काय करतोय? मी चहासुद्धा घेत नाही!"

"मग काय घेता?"

"पिझ्झा," तो म्हणाला. "टीम लीडर मागवतो. रोज."

मी तिसरं कपाट मागून घेतलं आणि त्यावर 'चरबी' लिहिलं. एका गृहस्थांना त्याचा राग आला. सर म्हणाले, "फॅटी लिहा. इंग्रजीत लिहिलं की लोकांना ते स्वतःचं वाटत नाही." मी तसं लिहिलं. तक्रार बंद!

सहा महिन्यांत ते कपाट भरलं. मी चौथं मागायला गेलो तर सर स्वतः खोलीत आले. कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मॅडमना बोलावून म्हणाले, "तुम्ही पेपरला विषय शोधताय ना? हा बघा, इथे दाटीवाटीने उभा आहे."

दारू न पिणाऱ्यांचं चरबीचं लिव्हर. खाणं आणि चालणं बदललं तर ते सुधारतं का, हा मॅडमचा विषय ठरला. पुढे परिषदेत एका परदेशी पाहुण्याने सरांना विचारलं, संशोधनाचा हा नवा कल तुमच्या लक्षात कसा आला? सर म्हणाले, "आमच्या शिपायाला कपाट कमी पडलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. "सर, मी शिपाई नाही. रेकॉर्ड कीपर आहे."

सर म्हणाले, "बरोबर आहे. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू."

*

पेपर लिहून झाला की त्यावर नावं कुणाची, कुठल्या क्रमाने, यावरून जे चालतं ते मी लग्नघरातही पाहिलेलं नाही.

काम केलं मॅडमनी. सर शेवटचे, कारण मोठ्या माणसाचं नाव शेवटी असतं म्हणे. मधे पाच जण. त्यातले सोनोग्राफीचे डॉक्टर पाचव्या नंबरावर रुसले. "पोटं मी बघितली, आणि मी पाचवा?" दुसरे एक डॉक्टर तर खोलीकडे कधी फिरकले नव्हते, तरी तिसरे होते.

मी चहा ठेवताना म्हणालो, "सर, आमच्याकडे लग्नपत्रिकेतही असंच असतं. ज्यांनी खुर्ची उचलली नाही ते निमंत्रक."

सरांनी यादी घेतली आणि तिसऱ्या नावावर रेघ मारली. ते डॉक्टर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तशी आधीही आमची बोलायची पद्धत नव्हती.

*

तेव्हा पेपर टपालाने जायचा. तीन प्रती, जाड पाकीट, परदेशाचं तिकीट. मॅडमनी पाठवला आणि मी रोज टपाल बघायला लागलो.

अडीच महिन्यांनी पाकीट आलं. चांगलं भरगच्च! मला वाटलं, एवढं लिहून पाठवलंय म्हणजे कामच झालं. मी मॅडमना आनंदाने नेऊन दिलं आणि विभागाला चहा सांगून आलो. आठ कप!

मॅडमनी पाकीट फोडलं. आत आमच्याच तीन प्रती होत्या आणि वर एक चिठ्ठी.

सर म्हणाले, "मोरे, लक्षात ठेवा. होकार एका कागदावर मावतो."

चहा आला. आठही जणांनी मुकाट्याने प्यायला.

पुढे दुसऱ्या जर्नलकडून आणि मग तिसऱ्याकडून अशी आणखी दोन पाकिटं आली. दोन्ही जाड. दोन्ही मी मॅडमचा डबा खाऊन झाल्यावर दिली. दुसऱ्या वेळी मला दारात बघून त्या म्हणाल्या, "काका, आज पोळी सुखाने खाऊ दिली. म्हणजे आलं वाटतं पाकीट?"

*

एकदा सर आणि मॅडम बोलत होते. आता कुठल्या जर्नलला पाठवायचं? सर म्हणाले, याचा इम्पॅक्ट फॅक्टर जास्त. मॅडम म्हणाल्या, पण त्याचा होकार लवकर येतो. मी फाईल घेऊन उभा होतो. हा शब्द रोज कानावर यायचा, म्हणून विचारलं, "सर, हा फॅक्टर म्हणजे काय?"

सरांनी नीट सांगितलं. "त्या जर्नलमधल्या लेखांचं नाव नंतर दुसऱ्यांनी आपापल्या लेखांत किती वेळा घेतलं, त्याची सरासरी."

"म्हणजे वाचलं किती जणांनी?"

"ते कुणी मोजत नाही."

"आणि पेशंट किती बरे झाले?"

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"मोरे, फाईल ठेवा आणि जा."

*

चौथ्या वेळी पेपर कॉम्प्युटरवरून गेला आणि उत्तरही कॉम्प्युटरवरच आलं. त्यामुळे हातात तोलून बघायची सोय राहिली नाही. मी दारातून मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. काही कळेना.

नकार नव्हता. होकारही नव्हता. तिथले तपासनीस म्हणत होते, काम चांगलं आहे, पण तुमचे एकोणीस पेशंट वर्षाच्या तपासणीला आलेच नाहीत. 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणजे हरवलेले. त्यांची तब्येत बिघडली असेल. मेलेही असतील. त्यांचं काय झालं ते कळल्याशिवाय तुमचा निष्कर्ष आम्ही धरणार नाही. मुदत दोन महिने.

मॅडमच्या नेमणुकीचे तीन महिने राहिले होते.

"काहून हो काका, माणसं अशी हरवतात?" एरवी त्या शुद्ध पुणेरी बोलायच्या. त्या दिवशी अकोला बाहेर आलं.

मी म्हणालो, "हरवली नाहीत. आली नाहीत. नावं द्या."

आता माझी एक पद्धत सांगतो. त्या काळी पुण्यात लोक पत्ता खरा सांगायचे, पण पत्ताच टिकायचा नाही. आज कोथरूडला भाड्याची खोली, सहा महिन्यांनी हडपसरला. म्हणून नवा केसपेपर काढताना मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचो. "तुम्ही इथून गेलात तर कुठे गेलात ते कुणाला विचारू?" कुणी मेसवाल्या काकूंचं नाव सांगायचा, कुणी इस्त्रीवाल्याचं, कुणी गॅरेजचं. ते मी पेपरच्या पाठीमागे पेन्सिलने लिहायचो. सर यावरून मला दोनदा बोलले होते. "केसपेपर ही काय तुमची वही आहे?" कॉम्प्युटर आला तेव्हा त्यातही या प्रश्नाला जागा नव्हती. मी लिहीत राहिलो.

एकोणीस केसपेपर काढले. अठरांच्या पाठीमागे पेन्सिल होती.

*

हडपसरला मेसवाल्या काकूंकडे गेलो. नाव सांगताच त्या म्हणाल्या, "तो होय! माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक होतं. पाच पोळ्या आणि वर भात. अचानक दोन पोळ्यांवर आला. मला वाटलं प्रेमभंग झाला."

तो दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेला होता. दार उघडलं तर मी ओळखलंच नाही. अर्धा झाला होता, पण तुकतुकीत! "काका, वजन उतरलं, बरं वाटायला लागलं. मग दवाखान्यात कशाला येऊ?"

हिंजवडीला तर पत्त्यावर घरच नव्हतं. काचेची इमारत उभी. माझ्या पेन्सिलीत शेजारच्या टायरवाल्याचं नाव होतं. त्याने हात करून दाखवलं. आमचा पेशंट कंपनीच्या भिंतीकडेने ताडताड चालत येत होता. जमीन कंपनीत गेली, हाती गाडी आली, पोट आलं, म्हणून हा आमच्याकडे आला होता.

मी दरडावलं, "तपासणीला का आला नाहीत? तिकडे तुम्हाला मेलेलं धरलंय!"

"आवो, बरा हाय म्हून नाय आलो," तो म्हणाला. "रोज भिंतीला दोन फेरे मारतो. माझीच जमीन हाय ती, तिला परदक्षिणा घालायला कोन आडवतंय?"

असे एकेक सापडत गेले. दोघे बंगळूरला गेले होते, त्यांना फोन केला. ते रजा काढून आले. आणखी दोघांचं वजन उलट वाढलं होतं. ते लाजेने तोंड चुकवत होते. त्यांना मी घरून उठवून आणलं. प्रत्येकाला एकच सांगायचो, सकाळी साडेआठला, उपाशीपोटी. तपासणी झाली की मॅडमच्या यादीत नावापुढे लाल पेन्सिलने 'आहे' लिहायचो.

अठरावं 'आहे' लिहिलं तेव्हा मॅडम ती यादी हातात धरून बसल्या. वरून खाली बोट फिरवत एकेक 'आहे' मोठ्याने वाचला. मग म्हणाल्या, "काका, एकपण गेला नाही हो." मी म्हणालो, "मी आधीच सांगितलं होतं." खरं म्हणजे हिंजवडीची ती काचेची इमारत बघितली तेव्हा मीही एक नाव मनातल्या मनात खोडलं होतं.

*

पुढचं सांगून टाकतो, उगाच टांगून ठेवत नाही. पेपर छापून आला. मॅडम कायम झाल्या. त्या दिवशी मी न विचारता चहा सांगितला, आणि आठही जणांनी बोलत बोलत प्यायला. मुलगी त्याच शाळेत शिकली.

पण एकोणिसाव्याचं सांगायचं राहिलं.

त्याचा केसपेपर माझ्या खिडकीवरून गेलेलाच नव्हता. पाठ कोरी, रिपोर्टही बाहेरून करून आणलेले. पुढे नाव 'पी. कुलकर्णी', वय छप्पन्न, पत्ता नुसता 'कोथरूड', आणि एक मोबाईल नंबर. कोथरूडला कुलकर्णी शोधायचा म्हणजे मंडईत कांदा शोधायचा! मोबाईल तेव्हा नवे होते, विभागात एक-दोघांकडेच, आणि तेही नंबर कुणाला द्यायचे नाहीत. मॅडमनी त्या नंबरवर चार दिवस फोन केला. घंटा वाजायची. कुणी उचलायचं नाही.

मुदतीला दोन दिवस उरले. सकाळी मी आणि मॅडम सरांच्या केबिनमध्ये उभे होतो.

सर म्हणाले, "तो एक सोडून द्या. हरवला म्हणून लिहा."

मॅडम म्हणाल्या, "सर, ते म्हणतील, तोच मेला असेल."

"मेलेला नाही तो."

"तुम्हाला कसं माहीत, सर?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "एवढ्या एका माणसावरून माझं सगळं अडलंय. त्याला कुणी सांगायला पाहिजे हो."

मला राहवलं नाही. मी सरांच्या टेबलावरचा फोन ओढला आणि पेपर समोर धरून नंबर फिरवला.

सरांच्या कोटाचा खिसा वाजायला लागला.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी फोन ठेवला नाही. सहा वेळा वाजला. सातव्या वेळी सरांनी खिशात हात घातला, मोबाईल काढला आणि कानाला लावला.

"हॅलो," ते म्हणाले.

मी सगळ्यांना सांगायचो तेच सांगितलं. "लिव्हर विभागातून बोलतोय. आपण वर्षाच्या तपासणीला आला नाहीत. उद्या सकाळी उपाशीपोटी यायचं."

टेबलाच्या पलीकडून सर माझ्याकडे बघत होते. मोबाईल कानालाच.

"किती वाजता?"

"साडेआठला," मी म्हणालो. "लवकर या. रांग असते."